१२० दात्यांचे चाक: वाचनालयाच्या विजेच्या घड्याळाच्या दुरुस्तीच्या नोंदी

१४ जून २०२५

घड्याळ आज भिंतीवरून काढून दुकानात आणले. आमच्या गावच्या (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा) वाचनालयात ते मी शाळेत असल्यापासून आहे आणि तेव्हापासून बंदच आहे. काटे कायम पावणेपाचवर. गिरणीत कामाला असलेल्या एका गावकऱ्याने ते आणून दिले, असे जुनी माणसे सांगतात. लोखंडी डबा, १८ इंची पांढरी डायल, काच शाबूत. आत चावी नाही, लंबक नाही, मोटर नाही. दोन कॉइल, त्यांनी ओढली जाणारी एक लोखंडी पट्टी, पट्टीला जोडलेला खटका आणि बारीक दात्यांचे एक पितळी चाक, एवढाच संसार.

असे घड्याळ ज्यांच्या हाती लागेल त्यांनी आधी हे समजून घ्यावे: हे स्वतः वेळ मोजत नाही. गिरण्या, रेल्वे स्थानके, मोठी कचेरी अशा ठिकाणी एक मुख्य घड्याळ असायचे. ते दर अर्ध्या मिनिटाला विजेचा एक ठोका द्यायचे आणि बाकीच्या भिंतींवरची घड्याळे त्या ठोक्याने एकेक दाता पुढे सरकायची. इंग्लंडात सिंक्रोनोम आणि लेस्टरची जेंट्स या कंपन्या त्यासाठी नावाजलेल्या. आमच्या घड्याळावर कंपनीचे नाव उरलेले नाही, पण मागच्या पत्र्यावर ‘मेड इन इंग्लंड’ दिसते. चाकाला दाते १२०, दर अर्ध्या मिनिटाला एक, म्हणजे तासाला बरोबर एक फेरा.

आमच्या घड्याळाला कोणीतरी दोन पिनांचा प्लग लावलेला आहे. म्हणजे कधीतरी ते थेट २३० व्होल्टला लावले गेले. कॉइलवरच्या तारेचे सुती वेष्टण जळून कोळसा झाले आहे, बोट लावले की काळी भुकटी पडते. या कॉइलला एक व्होल्टसुद्धा पुष्कळ होतो. तुमच्याकडे असे घड्याळ असेल तर कृपा करून सॉकेटला लावून बघू नका.

१६ जून

कॉइल. मोटर रिवाइंडिंग माझा २२ वर्षांचा धंदा, त्यामुळे यावर फार लिहीत नाही. एक कॉइल पार जळून चिकटलेली होती, दुसरी हळूहळू उलगडत गेली. वेढे मोजले: ४०० च्या आसपास. तार मायक्रोमीटरने ०.४६ मिमी, म्हणजे २६ गेज. दुकानात होतीच. दोन्ही बॉबिनवर ४००-४०० वेढे, वार्निश, तारेच्या टोकांवर एम्पायर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी). प्रत्येकी २ ओहम, दोन्ही मिळून ४.

एकच सावधगिरी: दोन कॉइल अशा जोडा की एकीचे टोक उत्तर असेल तर दुसरीचे दक्षिण. मी सवयीने जोडून मोकळा झालो आणि पट्टी जेमतेम हलली. एका कॉइलची टोके अदलाबदल केल्यावर खाडकन ओढली गेली. वेळ गेला २० मिनिटे.

२२ जून

आज चाक सोडवले. सात दाते वाकलेले, त्यातले तीन अर्धे तुटलेले. बाकीच्यांपैकी साधारण अर्ध्या चाकाचे दाते झिजून बोथट झाले आहेत, उरलेल्या अर्ध्याचे जवळजवळ नवे वाटतात. चांगल्या बाजूला बाहेरचा व्यास ५० मिमी धरावा लागतो, झिजलेल्या बाजूला ४९.४ भरतो. जाडी १.६ मिमी.

झिजलेल्या बाजूचे माप घेऊन चाक बनवले असते तर खटका खोलवर पोचलाच नसता. म्हणून चांगल्या दात्यांवर मापे घेतली: खोली १.१ मिमी, दात्याची एक बाजू केंद्राच्या रेषेत सरळ, दुसरी उतरती. परीघ १५७.१, भागिले १२०, म्हणजे दाता ते दाता १.३१ मिमी.

तुटलेले तीन दाते भरून काढावेत, असे एका ओळखीच्या घड्याळजीने सुचवले. विचार केला, पण अर्धे चाक बोथट असताना तीन दात्यांना डाग देऊन काय साधणार? नवीनच करायचे ठरवले.

२८ जून

बेळगावच्या उद्यमबागेत (कारखान्यांची वसाहत) गेलो. ज्यांच्याकडे मी मोटरचे शाफ्ट करून घेतो त्या अण्णांचे तिथे छोटे वर्कशॉप आहे: एक लेथ, एक मिलिंग मशीन, आणि कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेले डिव्हायडिंग हेड (चाकाचे समान भाग पाडून फिरवणारे साधन). अण्णांची भाषा कानडी, माझी मराठी, आणि कामाची भाषा दोन्हींची मिसळ. पहिला प्रश्न, “हल्लु (दाते) किती?” मी म्हटले, “एकशेवीस.” त्यांनी जुने चाक उजेडात धरले, भिंगातून बघितले आणि म्हणाले, “होतंय की. पण घाई करायची नाही.”

पितळी पत्रा १६ गेजचा, भंगारातून २०० ग्रॅम, १६० रुपये. त्यात ७० मिमीचे तीन चौकोन निघाले. कटर मी घरूनच घासून नेला होता: हायस्पीड स्टीलचा तुकडा, एक बाजू सरळ, दुसरी ५० अंशांत, आणि तोंड अगदी सपाट. पितळेला वर उचललेले तोंड चालत नाही, कटर आत ओढला जातो.

अण्णांना दुसऱ्या मशीनवर गिऱ्हाइकाचे काम होते, म्हणून हेड मीच फिरवत होतो. चाळीसास एकचे हेड, म्हणजे हँडलचे ४० फेरे झाले की चाकाचा एक. १२० दात्यांसाठी हँडलचा एक तृतीयांश फेरा. १५ भोकांच्या वर्तुळावर ५ भोके. मी भोके मोजायला हेडवर असलेल्या दोन पट्ट्यांच्या मधे पाच भोके दिसतील असे लावले आणि सुरू केले.

आठव्या-नवव्या दात्याला वाटले, काहीतरी चुकतेय. दात्यांची टोके मूळ परिघापेक्षा खाली जात होती आणि एकमेकांना चिकटून येत होती. व्हर्निअर लावला: दाता ते दाता १.०५. मशीन थांबवले, अण्णांना हाक मारली. त्यांनी पट्ट्यांकडे एकदाच बघितले.

“पिन बसलेलं भोक मोजलासा काय?”

तेच झाले होते. पिन ज्या भोकात आहे ते मी ‘एक’ धरले होते. ते शून्य धरायचे. पट्ट्यांच्या मधे सहा भोके दिसली तर पाच उड्या होतात. माझ्या चार होत होत्या, म्हणजे १५० दात्यांचे चाक कापले जात होते. पहिला तुकडा वाया. दिवस संपला, पाऊस इतका की परतताना मच्छेच्या पुढे गाडी थांबवावी लागली.

५ जुलै

पुन्हा उद्यमबाग. या वेळी दोन्ही उरलेले तुकडे एकावर एक ठेवून कापले, म्हणजे एक बिघडले तरी दुसरे हाताशी. आधी दोन्ही मँड्रेलवर (मधल्या भोकातून जाणाऱ्या दांड्यावर) घट्ट करून लेथवर ५० मिमीला आणले आणि मँड्रेल न सोडता तोच डिव्हायडिंग हेडमध्ये धरला. डायल गेज लावून बघितले, ०.०२ मिमीचा फेर. मँड्रेल बदलला असता तर हा फेर नक्की वाढला असता, आणि खटका एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ बसला असता.

पहिला दाता कापण्याआधी नुसती रेघ ओढत पूर्ण फेरा फिरवला. १२० रेघा आणि शेवटची रेघ पहिल्या रेघेवर. त्यासाठी ४० मिनिटे गेली. मागच्या खेपेला हे केले असते तर पत्रा आणि एक अख्खा दिवस वाचला असता.

मग कापणी. दर दात्याला साधारण एक मिनिट. ७३व्या दात्याला हँडल एक भोक पुढे गेले. सरळ एक भोक मागे आणले तर वर्मची (हेडमधल्या आट्याच्या गिअरची) ढील आत शिरते आणि तो दाता चुकतो, म्हणून अर्धा फेरा मागे नेऊन पुन्हा पुढून आलो. मधे पाऊण तास लाईट गेली, पण हेड जागच्या जागी लॉक होते, काही बिघडले नाही. अण्णा तेवढ्या वेळात जुन्या चाकाचे दाते बोटाने चाचपत बसले होते. म्हणाले, “हे एकाच अंगाला झिजलंय. का?” मी म्हटले, कुठल्यातरी अंगाला जास्त वापर झाला असेल. उत्तर बरोबर नव्हते, पण ते मला पुढे महिनाभराने कळले.

संध्याकाळी दोन चाके हातात. बर (कापताना कडेला राहिलेले कंगोरे) काढायला पितळी तारेचा ब्रश, मग भिंगाखाली एकेक दाता बघून बारीक कानस. मजुरी दोन्ही दिवसांची मिळून १२०० रुपये.

१३ जुलै

खटका. जुन्याचे टोक गोल झाले होते. ३ मिमी सिल्व्हर स्टीलपासून (तापवून कडक करता येणारे पोलाद) नवा बनवला, आकार जुन्यावरून कागदावर काढून. लाल करून तेलात बुडवला. टोक कानशीला दाद देईना, समाधान वाटले. मग हातातून निसटून कोब्यावर पडला आणि टोक काचेसारखे तुटले.

चूक अशी की पाणी देऊन (म्हणजे कडक करून) झाल्यावर परत थोडे तापवायचे राहिले. दुसरा खटका केला. कडक केल्यावर पॉलिश पेपरने चकचकीत घासला आणि तव्यावर वाळू पसरून तिच्यावर ठेवला. रंग चढताना डोळे काढू नयेत: आधी फिका पिवळा, मग मधासारखा. मधासारखा दिसताच तेलात. हा मुद्दाम दोनदा पाडून बघितला, टिकला. वेळ गेला अर्धा दिवस.

२० जुलै

जोडणी. ठोका देण्यासाठी आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड (२५० रुपये), बीडी१३९ ट्रान्झिस्टर, कॉइलवर उलटी १एन४००७ डायोड, आणि ओळीत १८ ओहमचा २ वॅटचा रेझिस्टर. ५ व्होल्टवर करंट २१८ मिलिअँपिअर. अशा घड्याळांना २२० च्या आसपास लागतो, तेवढा झाला.

पहिला ठोका ०.१ सेकंदाचा ठेवला होता. पट्टी अर्ध्यावरून परत येई, खटका पुढचा दाता पकडण्याआधीच सुटे. ०.३ सेकंद केल्यावर नीट. कॉइलने ओढल्यावर खटका एक दाता मागे जातो, करंट गेल्यावर स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि चाक सरकते. संध्याकाळी साडेसहाला काटे हलले. वाचनालय सांभाळणाऱ्या काकी मुद्दाम दुकानात बघायला आल्या होत्या. दहा मिनिटे उभ्या राहून प्रत्येक ठोका मोजला.

२१ जुलै

२४ तासांत घड्याळ साडेचार मिनिटे पुढे.

२७ जुलै

आठवडाभर रोज साडेचार मिनिटे, कधी चार, कधी पाच. मी सगळा दोष बोर्डाला दिला. त्यावर वेळ मोजणारा भाग क्वार्ट्झ नसून सिरॅमिक रेझोनेटर आहे आणि त्यात हजारात एकाची चूक सहज असते. हजारात एक म्हणजे दिवसाला ८६ सेकंद. हे कळल्यावर गणित तिथेच करायला हवे होते: दीड मिनिट बोर्डाचे, मग उरलेली तीन मिनिटे कोणाची? मी केले नाही. डीएस३२३१ या अचूक वेळ मोजणाऱ्या चिपचे मॉड्यूल मागवले आणि वाट बघत बसलो.

३ ऑगस्ट

मॉड्यूल आले, १५० रुपये. यात स्फटिक आणि तापमानाची भरपाई दोन्ही आहे, वर्षाला मिनिटभर इकडेतिकडे. त्याचा दर सेकंदाचा सिग्नल नॅनोने मोजायचा आणि ३० झाले की ठोका द्यायचा.

हे मॉड्यूल घेणाऱ्यांनी एक बघावे. स्वस्त मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारा डायोड आणि रेझिस्टर असतो. त्यात साधा सीआर२०३२ सेल टाकला तर ५ व्होल्टवर तो सेल चार्ज व्हायला बघतो, आणि तो चार्ज करण्याचा सेलच नाही. मी डायोड काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी (४ ऑगस्ट): तीन मिनिटे पुढे. बरोबर तीन.

८ ऑगस्ट

तीन मिनिटे म्हणजे सहा वेळा अर्धा मिनिट. ठोके बरोबर येत असतील तर घड्याळ कुठेतरी एका ठोक्याला दोन दाते उडते आहे. आज रात्री दुकान बंद करून डबा उघडा ठेवून समोर बसलो. पाऊस होता, रस्त्यावर कोणी नव्हते, दर अर्ध्या मिनिटाला खट् एवढाच आवाज.

पहिल्या दोन तासांत काही नाही. ११ वाजून १४ मिनिटे झाली असताना ठोका पडला आणि काटा १४ वरून सरळ १५ वर गेला. साडेचौदावर थांबलाच नाही. आवाजही वेगळा: एकाऐवजी दोन, अगदी जोडून. पुढचा दुहेरी ठोका १ वाजून १७ मिनिटांनी. मी मुद्दाम काटा हाताने ४० वर नेऊन तासभर तिथल्याच टापूत बघत बसलो. तिथे एकदाही नाही.

काटा १२ वरून ६ कडे खाली जाताना स्वतःच्या वजनाने पुढे झेपावतो. वर चढताना तसे होत नाही.

९ ऑगस्ट

सकाळी काटा काढला. मागचे टोक बघितले. काट्याची शेपटी केंद्रापासून पाच मिमीवर सपाट कापलेली आहे आणि रंगाखाली करवतीच्या रेघा दिसतात. तिथे मूळचे वजन होते. डायलवर शोभत नाही म्हणून कोणीतरी कापून टाकलेले.

मग जुने चाक परत हातात घेतले. अण्णांचा प्रश्न आठवला. चाक मिनिट काट्याच्याच शाफ्टवर घट्ट आहे, म्हणजे चाकाचा प्रत्येक दाता काट्याच्या एकाच जागेशी बांधलेला. झिजलेली बाजू जुळवून बघितली: ३० ते ६०. काटा वर उचलताना खटक्याला संपूर्ण काट्याचे वजन उचलावे लागत होते, ते दाते झिजले. खाली येताना भार नव्हता, ते दाते नवे राहिले. २२ जूनला मी हातात धरून, मोजून, वहीत लिहून ठेवले होते आणि पुढे त्याचा विचारच केला नाही. ४९.४ आणि ५० हे आकडे मला नवीन चाकाच्या मापासाठीच उपयोगाचे वाटले.

आणखी एक गोष्ट आज सापडली. खटक्याच्या वरच्या बाजूला, पुढच्या पत्र्यात आट्याचे एक रिकामे भोक आहे आणि त्याभोवती वॉशरएवढी चकचकीत गोल जागा. तिथे स्क्रू होता. खटका पुढे येऊन थांबला की त्याची पाठ या स्क्रूच्या डोक्याखाली अडकायची. चाक जोरात पुढे जाऊ लागले तर त्याला खटका वर उचलावा लागतो, आणि पाठ अडकलेली असली तर खटका उचलला जात नाही. तो अडथळा असेपर्यंत घड्याळ वेळ बरोबर दाखवत असणार, झीज तेवढी होत गेली.

१० ऑगस्ट

स्क्रू बसेना. साडेतीनचा सैल, चारचा जात नाही, जोर केला तर पितळेचे आटे जातील. जुन्या इंग्रजी यंत्रांत बीए (ब्रिटिश असोसिएशन या मापाचे) आटे असतात हे विसरलो होतो. ४ बीए म्हणजे ३.६ मिमी. दुकानातल्या जुन्या अँमीटरच्या टर्मिनलचे स्क्रू काढून बघितले, तिसरा हाताने सरळ आत गेला. खर्च शून्य. जुने मीटर फेकू नका.

स्क्रूचे डोके लेथवर थोडे एका बाजूला सरकवून, मध्यापासून ०.५ मिमी ढळलेले केले. फिरवले की खटक्याच्या पाठीवरचे अंतर कमी-जास्त होते. कागदाचा तुकडा जेमतेम सरकेल एवढे ठेवून घट्ट केले. एकदम चिकटवले तर खटका अडकतो आणि चाक सरकतच नाही, हेही करून बघितले.

१७ ऑगस्ट

वजन. काटा १४ ग्रॅम. पात्याच्या धारेवर ठेवून तोल बघितला, तोल केंद्रापासून ७० मिमीवर. १४ गुणिले ७० म्हणजे ९८०. शेपटी ४५ मिमीवर संपवायची ठरवली, तर तिथे २२ ग्रॅम हवेत. उरलेल्या पितळी पत्र्याची शेपटी कापली, काट्याच्या पाठीमागून डाग दिला, टोकाला शिशाचा गोळा. शेपटीचे स्वतःचे वजन मी धरले नव्हते, त्यामुळे काटा उलटा झुकला. शिसे कानसत गेलो. दोन ब्लेडच्या धारांवर शाफ्ट ठेवून काटा कुठेही सोडला तरी तिथेच थांबेपर्यंत. शेवटचा पाव ग्रॅम काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग काळा रंग. डायलवर शेपटी दिसते आणि मला ती तशीच दिसलेली बरी वाटते.

त्याच रात्री १२ ते ६ च्या उतारावर चार तास समोर बसलो. प्रत्येक ठोक्याला एकच खट्.

२४ ऑगस्ट

सात दिवसांत फरक शून्य. घड्याळ अर्ध्या मिनिटाच्या उडीने चालते, तेवढ्याच सूक्ष्मतेने मी मोजू शकतो.

आज भिंतीवर चढवले, चतुर्थीच्या तीन दिवस आधी. खाली कपाटात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची यूपीएसमधली जुनी बॅटरी आणि ५ व्होल्टचा कन्व्हर्टर. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट रात्रभर जाते, आणि या घड्याळाचा ठोका चुकला की ते तेवढे मागे पडते, स्वतःहून सावरत नाही. बॅटरीवर दोन-तीन दिवस निघतील. जुना दोन पिनांचा प्लग कापून टाकला आणि जागेवर पत्रा मारला.

एकूण खर्च २,१४० रुपये, त्यात कॉइलची तार धरलेली नाही. काम दहा-बारा सुट्ट्यांचे. त्यातल्या दोन बोर्डावर संशय घेण्यात गेल्या.

३१ ऑगस्ट

काकींचा निरोप आला: आवाज फार होतो, दुपारी वाचायला बसलेल्यांचे लक्ष जाते. पट्टी जिथे आपटते तिथे हार्मोनियमला लावतात ती फेल्ट, एक मिमी, चिकटवली. पट्टीचा प्रवास थोडा कमी झाला म्हणून अडथळ्याचा स्क्रू पुन्हा जुळवला. आवाज आता जवळ गेले तरच येतो.

दुसरे चाक तेलाचे बोट लावून, कागदात गुंडाळून घड्याळाच्या डब्यातच ठेवले आहे. जुने झिजलेले चाकही त्याच्याबरोबर आहे, त्यावर मार्करने ३० आणि ६० च्या खुणा करून.